कणकेखालचं विमान

वरच्या मजल्यावरचे जगदाळे काका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते कणीक मागायला. पीठ नव्हे, मळलेली कणीक. माझ्या बायकोने, वैशालीने, गोळा काढून दिला. काकांनी तो दोन बोटांत चिरडला, हुंगला आणि परत केला. "तेल आहे यात. तेल लागलं की रंग धरत नाही." तिने बिचारीने बिनतेलाची मळून दिली, तशी वाटी घेऊन हा सत्तरीचा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

पोळीशी याचा संबंध नव्हता. काका प्लास्टिकची वीतभर लढाऊ विमानं जोडतात आणि त्यांच्यावर हिरव्या-मातकट रंगांचे वेडेवाकडे लष्करी पट्टे रंगवतात. आधी सगळीकडे हिरवा. तो वाळला की जेवढा ठेवायचा तेवढा झाकायचा, वरून मातकट फवारायचा, मग झाकण सोलून काढायचं. झाकायला काहीतरी असं हवं, की चिकटेल, पण उखडताना खालचा रंग नेणार नाही. या 'काहीतरी'पायी काका एका जागी बसत नाहीत.

मांडवीतल्या एका टेपवाल्याने त्यांना बघून दुकान आवरायला घेतलेलं मी पाहिलं आहे. तो आपली टेप किती घट्ट बसते ते सांगत होता आणि काकांचं एकच, "भाई, आ उखडशे ने?" ही उखडेल ना? सगळ्यात कमी चिकटणारी टेप मागणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नसावं. काकांनी टेप आपल्या मनगटावर लावली, ओढली, केस निघाले, म्हणून नापास केली.

टेपने रंगाची कड सुरीने कापल्यासारखी येते. मऊ कड हवी तर मातीची किंवा कणकेची वळी. गोल वळणाला ओला वर्तमानपत्राचा कागद. पंक्चरचं सोल्युशन लावलं तर दुधावरच्या सायीसारखं निघतं, पण घरभर सायकलच्या दुकानाचा वास. कणकेला मुंग्या. हे सगळं ते जिन्यात उभ्याउभ्या, चपलेत एक पाय घालून सांगतात. दाताची कवळी करायला गेले, तर डॉक्टर ज्यात दातांचा ठसा घेतात तो लगदा पाहून खुर्चीतून उठले. तोंड भरलेलं, बोलता येईना, म्हणून खुणेने थोडा घरी मागितला. माझ्या भाचीच्या लग्नात जेवायला थांबले नाहीत. मेंदी काढणाऱ्या बाईंना वाळलेली मेंदी कशी सुटते ते विचारून निघून गेले.

त्यांचे पूर्वज गायकवाडी फौजेत होते. "घराण्यात तलवारी होत्या," काका म्हणतात, "माझ्या वाट्याला टेप आली."

वर काका आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. अक्का मराठी शाळेत शिकवायच्या. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला त्यांनीच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. दोन वर्षांपासून मात्र त्या सगळं विसरत चालल्या आहेत. दुपारचे चार वाजले की पर्स काखेत धरून दाराशी येतात आणि घरी जायचंय म्हणतात. हेच घर आहे, हे पटत नाही. एकदा पार जुन्या शहरात, घडियाळी पोळाच्या गल्लीत सापडल्या, एका भांडेवाल्याच्या ओट्यावर, घामाघूम. म्हाताऱ्या बहिणीपायी माणूस अडकला, म्हणून खेळण्यात मन रमवतो, असं आम्ही समजत होतो.

गेल्या महिन्यात अलकापुरीत हौशी लोकांच्या मॉडेलांचं प्रदर्शन होतं. काकांनी पहिल्यांदाच नाव दिलं. आठवडाभर त्यांना जेवण सुचेना. दिवसातून तीनदा खाली येऊन हवेत दमटपणा किती वाटतो ते विचारायचे. विमान साडेपाचपर्यंत पोचवायचं होतं आणि स्कूटरवर मी नेणार होतो. वैशाली अक्कांपाशी बसणार होती.

पावणेपाचला मी वर गेलो. दार सताड उघडं. टेबलाशी अक्का विमान घेऊन बसल्या होत्या आणि पंखावरची कणकेची वळी नखाने सोलत होत्या. मातकट रंग अजून ओला होता. तो त्यांच्या बोटांना, पदराला, हिरव्यावर, सगळीकडे फासला गेला होता. काका समोर बसले होते. हात मांडीवर, अगदी स्वस्थ. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काका, थांबवा त्यांना. सगळं पुसलं जातंय."

"राहू दे," ते हळू म्हणाले. "चारपासून एकदाही दाराकडे गेली नाही."

मग त्यांनी सांगितलं. काही महिन्यांपूर्वी असंच त्यांनी झाकून ठेवलेलं अक्कांनी सोललं, खालचा रंग बघून हसल्या आणि पर्स विसरल्या. तेव्हापासून रोज चारच्या आत काहीतरी झाकून तयार ठेवावं लागतं. कालचं तिला आठवत नाही, त्यामुळे रोज नवं. पण टेप घट्ट असली की तिची नखं दुखतात, आणि चटकन निघाली की पाच मिनिटांत संपतं. आज प्रदर्शनाचं विमान लपवून दुसरं पुढे ठेवायचं त्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

"म्हणजे प्रदर्शन?"

"त्यांना फोन केला मघाशी. जागा दुसऱ्याला द्या म्हटलं."

अक्कांनी मान वर केली. मी कुणाचा, असं विचारलं, आणि मी सांगायच्या आत शेजारची खुर्ची थोपटली. शेपटीवरच्या टेपचं एक टोक सोडवून त्यांनी माझ्या चिमटीत दिलं.

"हळू ओढ," त्या म्हणाल्या. "घाई केलीस तर फाटेल."

मी हेल्मेट खाली ठेवलं आणि ओढू लागलो.