कॅमेऱ्याला तूप

दुइशोनच्या अंगणात सकाळपासून दोन कढया उकळत होत्या आणि तिसरा उकळत होता तो त्यांचा जावई उलारबेक.

शाळेतली भौतिकशास्त्राची नोकरी सोडून फोटोग्राफर व्हायचं त्याने जाहीर केलं, तेव्हा सासऱ्यांनी आरडाओरडा केला नव्हता. त्यांचं कोचकोर गावच्या बाजारात सिमेंटचं दुकान होतं, आणि सिमेंटवाल्याला कुठलीही गोष्ट घट्ट होईपर्यंत थांबायची सवय असते. ते एवढंच म्हणाले, "शनिवारी नातवाच्या पायातला दोरा कापायचा आहे. फोटो तू काढ. पाव्हण्यांना आवडले तर तू फोटोग्राफर. नाही आवडले तर सोमवारी दुकानात ये." पोतं पन्नास किलोचं असतं हे त्यांनी सांगितलं नाही, पण उलारबेकने भौतिकशास्त्र शिकवलेलं होतं.

कॅमेरा जपानी होता, बिनआरशाचा, भिंगं बदलता येणारा. भिंगं दोन, एक आखूड आणि एक लांब. कॅमेऱ्यात दोष असा काहीच नव्हता. फक्त तो लहान होता. कोचकोरमध्ये फोटोवाल्याची पत त्याच्या गळ्यात लटकणाऱ्या वजनावरून ठरते, आणि आजवरचे सगळे फोटोवाले गळ्यात चहाचा समोवार अडकवल्यासारखे वाकून चालत आलेले.

"एवढासाच?" बुरुलचा एजेंनी विचारलं. या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. शिक्षणखात्यातून निवृत्त झालेल्या, पण तपासणीतून नव्हे. "बाकीचा मागून येतोय का?"

"एजे, यात आरसा नसतो. म्हणून लहान."

"काढून घेतला?"

"नाही, नवं तंत्र आहे. आरसा लागतच नाही."

"नव्या तंत्रात काहीतरी कमीच असतं," एजे म्हणाल्या. "नव्या जावयांसारखं."

उलारबेक हसला. सासरी राहणाऱ्या जावयाला एवढं एकच काम शिकवावं लागत नाही. मग कॅमेरा बाकावर ठेवून तो हात धुवायला गेला, आणि तेवढ्यात अनारकान अपा बाकापाशी आल्या.

अपा म्हणजे दुइशोनची आई. या घरात आलेलं कुठलंही यंत्र अपांनी तुपाचं बोट लावल्याशिवाय सुरू होत नसे. ट्रकच्या नाकाला त्यांनी तूप लावलं होतं, शिवणयंत्राच्या चाकाला लावलं होतं, पाण्याच्या पंपाला तर दोनदा. यंत्राचं तोंड कुठलं ते ओळखायचं आणि तिथे लावायचं, म्हणजे ते भुकेलं राहत नाही आणि घरावर रुसत नाही. कॅमेऱ्याचं तोंड त्यांना लगेच सापडलं. वरचं झाकण काढलं, काचेवर अंगठाभर पिवळं तूप प्रेमाने गोल फिरवलं, "पोटभर खा बाळा" म्हणाल्या आणि झाकण जसंच्या तसं लावून ठेवलं.

समारंभ सुरू झाला. वर्षाचा नातू आलीम पांढऱ्या लोकरी नमद्यावर उभा होता, पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधलेला. आता बायकांची शर्यत व्हायची, जिंकणारीने दोरा कापायचा, मग पोरगं जन्मभर अडखळायचं नाही. उलारबेकने कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याला सगळं गाव ढगात दिसलं.

आधी वाटलं, कढईची वाफ. तो बाजूला सरकला, ढगही सरकला. मग त्याने काच पाहिली, बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि त्याला सगळं कळलं. पुसायचं फडकं घरात होतं. जवळ होता तो बोरसोकच्या पुऱ्या तळणाऱ्या बेगायिमचा पंचा. तिने नवऱ्याचं तोंड बघून काही न विचारता दिला. पंचा सकाळपासून तळणात होता. आता ढगाला सोनेरी कड आली.

राहिलं लांब भिंग. ते लावायचं तर लांब जायला हवं, म्हणून तो गोठ्यामागच्या गवताच्या गंजीवर चढला.

"फोटोवाला कुठाय?" दुइशोननी विचारलं.

"गंजीवर," बेगायिम म्हणाली.

"पळाला म्हण की," बुरुलचा एजे म्हणाल्या, आणि शर्यतीला कोणी "सोडा" म्हणायच्या आत स्वतःच धावत सुटल्या.

गंजीवरून उलारबेकला शर्यत लख्ख दिसली. एजेंनी दोन वहिनींना कोपराने मागे टाकलं, त्यांचा रुमाल मानेवर आला, तोंड सोन्याच्या दातांसकट उघडलं. उलारबेकने बटण दाबलं. फोटो इतका स्पष्ट आला की दात मोजता आले असते.

पण एजे नमद्याशी पोहोचल्या आणि सगळे पाव्हणे फोन उंच करून भोवती गोळा झाले. गंजीवरून आता पाठी दिसत होत्या आणि सासऱ्यांच्या टोपीचं टोक. तो खाली उडी मारून गर्दीत घुसला, पळतापळताच लांब भिंग काढलं, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी आनंदाने मूठमूठ गोळ्या-बत्तासे उधळले. एक लिमलेटची गोळी कॅमेऱ्याच्या उघड्या घशात गेली. उलारबेकने कॅमेरा उपडा धरला आणि ठसका लागलेल्या मुलासारखी त्याच्या पाठीवर थाप मारली. गोळी पडली. ती आलीमच्या चुलतभावाने लगेच खाल्ली.

एजेंनी कात्री उघडली होती. उलारबेकने तुपाचं भिंग चढवलं, डोळे मिटले, आणि दोरा कापला जाईपर्यंत आणि आलीम तीन पावलं टाकून आईच्या अंगावर पडेपर्यंत नुसतं बटण दाबत राहिला.

जेवणं झाल्यावर दुइशोन म्हणाले, "लाव टीव्हीवर."

"अता," उलारबेक सासऱ्यांना म्हणाला, "अजून थोडं काम करायला लागेल त्याच्यावर."

"काम सोमवारी कर. आत्ता दाखव."

पहिला फोटो शर्यतीचा. भिंतीएवढ्या टीव्हीवर एजेंचं उघडं तोंड आलं आणि खोलीतल्या चहाच्या वाट्या थांबल्या.

"ही कोण बाई?" एजेंनी शांतपणे विचारलं. "भिकार कॅमेरा आहे. सुरकुत्या स्वतःच्या पदरच्या घालतो."

उलारबेकने घाईने पुढचं बटण दाबलं, आणि आता उरलीसुरली पतही गेली असं समजून भिंतीकडे बघत एकेक फोटो पुढे ढकलत राहिला.

मग एजेंचा आवाज आला, "मागे घे. हा नाही, आधीचा. हां."

त्याने वळून पाहिलं. पडद्यावर अंगणातलं ऊन दुधासारखं पसरलं होतं. मधोमध कात्री घेतलेली एक चाळिशीची बाई, गाल गुळगुळीत, रुमालाभोवती प्रभा. मागे सगळ्या वहिन्या, एकीलाही हनुवटी एकाहून जास्त नाही. सासऱ्यांच्या कपाळावरच्या तीस वर्षांच्या आठ्या गेल्या होत्या.

"आरसा खोटंच बोलत होता इतकी वर्षं," एजे पुटपुटल्या. "माझी सत्तरी मार्चमध्ये आहे, जावईबापू. दुसरं काही काम घेऊ नका."

"आमच्याकडेही लग्न आहे हो," एक वहिनी म्हणाली. "एजे, तुम्हीच कशाला सगळा मार्च अडवता?"

"बाळा, असलं येतं कसं रे?" तिसरीने विचारलं. "कुठलं बटण?"

उलारबेक कबुलीजबाबासाठी शब्द शोधत होता. कोपऱ्यातून अपा म्हणाल्या, "मी तूप लावलंय."

सगळ्यांनी मान डोलावली. यात विचारण्यासारखं काय होतं?

दुइशोननी टीव्हीवरच्या स्वतःकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि ते उठले.

"उलारबेक, सोमवारी दुकानात ये."

वाट्या पुन्हा थांबल्या. बेगायिमने बापाकडे पाहिलं. उलारबेकने मान खाली घातली.

"कॅमेरा घेऊन ये," सासरे टोपी सरळ करत म्हणाले. "दुकानावर नवी पाटी लावायचीय, माझा फोटो टाकू म्हणतो." ते दारापाशी गेले, थांबले. "आणि काच पुसून आणू नकोस."