मामांच्या नावे व्यायाम

आजारी माणसाची सेवा हा कुटुंबाचा हक्क असून त्यात आजारी माणसाने ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व आमचं तंजावरी घराणं चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत येऊनही काटेकोरपणे पाळत आलं आहे.

राघोत्तममामांना पक्षाघात होऊन दोन वर्षं झाली. उजवा हात अजून आळशी. मामांची इच्छा एकच, आणि तीही किरकोळ: स्वतःच्या हाताने दहीभात खायचा. फिजिओथेरपिस्ट कीर्तना म्हणाली, "उत्तम! भात कालवणं हाच व्यायाम. मीठ कमी, भाज्या भरपूर, रोज थोडं चालणं. आणि सगळं त्यांनीच करायचं."

शेवटचं वाक्य घराने नामंजूर केलं. एवढी माणसं असताना मामांनी भात कालवायचा? लोक काय म्हणतील? मामांचे धाकटे भाऊ शेषाद्रीमामा यांनी लगेच शास्त्राधार काढला. आपल्याकडे जप गुरुजी करतात, पुण्य यजमानाला मिळतं. मग व्यायामानेच काय घोडं मारलंय?

तेव्हापासून रोज सकाळी मामांच्या नावागोत्राचा संकल्प सोडून कामाला सुरुवात होते. गोदामामी मऊ चेंडू दाबतात. मामांचा मुलगा, नाव तरुण, मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर चालतो. जिना चढणं-उतरणं माझ्याकडे (मी भाचा, भाच्यांना जिनाच मिळतो). बिनमिठाच्या भाज्या शेषाद्रीमामांकडे. शिवाय मामांना मोह होऊ नये म्हणून घरातला मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, संपवण्याचं अवघड खातंही त्यांनी उदार मनाने स्वीकारलं. मामांकडे फक्त आशीर्वाद देणं. त्यांनी हात जरा उचलला, की चार हात धावतात आणि तो परत मांडीवर नेऊन ठेवतात. घास मामी भरवतात.

निकाल उत्साहवर्धक आहेत. मामींची पकड अशी सुधारली, की त्यांनी लावलेलं बरणीचं झाकण दुसऱ्या कुणाला उघडत नाही. तरुणचं पोट गेलं. शेषाद्रीमामांची तब्येत तर नजरेत भरते. एकूण ऐंशी टक्के कुटुंबाची प्रकृती सुधारली. (उरलेले वीस टक्के म्हणजे मामा.)

कीर्तनाने कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो! पण मामांनी स्वतः काय केलं?"

"सहकार्य," शेषाद्रीमामा म्हणाले.

हात सुधारत नाही, अर्थात आमचाच व्यायाम कमी पडतोय, हे उघड होतं. म्हणून रविवारी सगळेच मरीनाला निघालो. मामींनी दहीभात झाकून मामांपुढे ठेवला. "आलेच हं, आल्यावर भरवते," म्हणाल्या.

मी छत्री घ्यायला परतलो आणि दारातच थबकलो. मामांनी झाकण बाजूला सारलं होतं. उजवा हात भातात होता. थरथरत, अडखळत ते कालवत होते. पहिला घास नेसलेल्या वेष्टीवर सांडला. दुसरा हनुवटीला लागला. तिसरा तोंडात! मामा एकटेच खुदकन हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

तेवढ्यात तुम्ही आलात. हो, तुम्हीच, मैसूरपाकाचा डबा घेऊन, समाचाराला. "अरेरे, भरवायलासुद्धा कुणी नाही?" म्हणत मला बाजूला सारून आत गेलात. मामांचा हात पुसून मांडीवर ठेवलात आणि चमचा शोधू लागलात. केवढं मोठं मन तुमचं!

मामांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. तुम्ही माझ्याकडे वळून हळूच म्हणालात, "अन्नावरची वासनाच उडालीय हो यांची."