तात्या मास्तर आणि वरची हवा

सहाला येतो म्हणालेला पाहुणा सहा वाजून चार मिनिटांनी आला, तर आमचे शेजारी तात्या मास्तर "या, बसा" म्हणायच्या आधी "अधिक चार" म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांनी उपग्रहांचे वेध घ्यायला सुरुवात केली. मुंबईच्या एका कार्यालयाकडून टपालाने तक्ता येई: अमुक उपग्रह अमुक ताऱ्यापाशी अमुक सेकंदाला. शेकडो मैल वरच्या विरळ हवेचा अंदाज बांधून तो केलेला असे. हवा अंदाजापेक्षा दाट निघाली, तर उपग्रह खाली ओढला जाऊन लवकर पोचतो. विरळ निघाली, तर उशिरा.

"त्यांची हवा कागदावरची. खरी कोणती, ते आपलं श्रीवर्धन गाव सांगेल!" तात्या म्हणत.

"मास्तर, वरची हवा ऱ्हाऊ द्या, खालच्या गटाराचा वास बघा," दारावर मासळी घेऊन येणारी कोळीण म्हणे.

संध्याकाळी तात्या घरापुढच्या खळ्यात बाजेवर उताणे पडत, एक हात वर धरून दुर्बिणीतून बघत आणि उपग्रह ताऱ्यापाशी येताच हात खाली आणून ओरडत, "आला!" शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी माई स्टॉपवॉचची कळ दाबत.

एके दिवशी पत्र आलं: आपले दिवाळीपासूनचे वेध इतर ठिकाणांशी जुळत नाहीत, सबब वगळले आहेत. तात्या जेवले नाहीत. वही घेऊन माझ्याकडे आले. कचेरीत आकड्यांचे तक्ते मीच करतो. मी मांडून पाहिलं. दिवाळीत उशीर अर्धा सेकंद, शिमग्याला दोन. एकट्या श्रीवर्धनावरची हवा काही विरळ होत नाही. घड्याळ रेडिओवरच्या वेळेशी ताडून पाहिलं, बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझं घड्याळ घेऊन मागे बसलो. "आला!" ऐकताच कळ दाबली. माईंनी दाबली ती तात्यांचा खाली आलेला हात दिसल्यावर. माझा आकडा तक्त्याशी जवळजवळ जुळला.

माई दिवा लावायला आत गेल्या. मी म्हटलं, "उद्यापासून घड्याळ मी धरतो. मुंबईला कारण कळवू, म्हणजे पुढचे वेध ते स्वीकारतील."

"हळू बोला."

"अहो, त्यांना ऐकू..." मी थांबलो.

"ती शाळेत गेलेली नाही," तात्या म्हणाले. "हे एक काम तुला माझ्याहून चांगलं जमतं, असं मीच तिला सांगत आलोय."

"मग वेध?"

"चुकीचे आकडे पाठवायचे नाहीत."

त्यांनी कार्ड टाकलं: यापुढे तक्ता पाठवू नये.

आता कुठला उपग्रह कधी येणार, हे तात्यांना ठाऊक नसतं. बहुतेक संध्याकाळी काहीच येत नाही. बराच वेळ वाट पाहून ते रिकाम्या आभाळाखाली हात खाली आणतात, आणि माई सांगतील तो आकडा लिहून घेतात.