नळासाठी पाहुणचार

शिमग्याच्या आत आपल्या चाळीला दुसरा नळ आणून दाखवतो, नाहीतर नावाचा सेक्रेटरी नाही! नागरिक हितवर्धक मंडळाच्या सभेत मी छाती पुढे काढून हे सांगितलं आणि घाटकोपर स्टेशनपर्यंत ऐकू जातील अशा टाळ्या पडल्या. टाळी वाजवली नाही ती फक्त माझ्या बायकोने.

"नळ आला नाही ना," घरी आल्यावर नलिनी म्हणाली, "तर पुढे पाणी तुम्ही भरायचं. त्या बायकांच्या रांगेत, हंडा घेऊन!"

आता तुम्हीच सांगा, मंडळाच्या सेक्रेटरीने हंडा घेऊन बायकांच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे चाळीत काही अब्रू उरेल का? मी कामाला लागलो. पाणीखात्यातल्या साहेबांच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून बसून विजारीला चकाकी आणली. शेवटी साहेब जातीने पाहणीला यायला तयार झाले. आमच्या चाळीत एक नळ आणि पलीकडच्या धोंडिरामच्या चाळीतही एकच. नवा नळ दोन्ही चाळींपैकी एकीलाच मिळणार होता. ज्यांचे हाल जास्त, त्यांना!

हाल दाखवायची माझी योजना तर झकास होती. नळाला पाणी यायचं सकाळी, तेही करंगळीएवढं. म्हणून साहेबांना भर दुपारी बोलावलं. कोरड्या नळासमोर रिकाम्या हंड्या-कळशांची रांग लावली. आमचा खजिनदार लवू, त्याला दाढी करू दिली नाही.

"यार, माझ्या दाढीचा आणि नळाचा काय संबंध?"

"पाणी नाही म्हणून दाढी नाही! हाल चेहऱ्यावर दिसले पाहिजेत रे!"

सगळ्यांना सगळं समजावलं. एकच गोष्ट सांगायची राहिली. अख्खी चाळ कोकणातली, आणि दारात पाहुणा आला की आमच्या बायकांचे हात आपोआप माठाकडे जातात.

साहेब घाम पुसत आले. पहिल्याच दारात रत्नप्रभाकाकू पितळी तांब्या घेऊन हजर!

"येवा साहेबानू! उन्हातसून इलास. आधी पाय धुवन घेवा."

मी काकूकडे बघून डोळे वटारले. काकूला वाटलं, तांब्या लहान पडला. ती आत धावली आणि घंगाळ भरून घेऊन आली!

साहेबांनी बूट काढले, पाय धुतले आणि तोंडही धुतलं. पुढच्या दारात अंजनाबाई गूळ-पाणी घेऊन उभ्या. एकीचं घेतलं म्हटल्यावर दुसरीचं नको कसं म्हणणार? प्रत्येक दारात गुळाचा खडा आणि गार पाणी. साहेबांच्या पायाला पुन्हा धूळ लागू नये म्हणून शेजारच्या कमळने वाटेवर सडा घातला. आदल्या दिवसापासून पोटाला चिमटा काढून साठवलेलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत वाहत होतं! मी लवूला म्हटलं, "थांबव रे त्यांना!" तो गेला आणि एका दारात स्वतःच सरबत पीत बसला.

आणि सरबत कोणाचं? आमचंच!

"अगं, काय करतेस?" मी दात खाऊन विचारलं.

"सेक्रेटरीच्या घरून पाहुणा कोरडा जाणार? लोक काय म्हणतील!" नलिनीने साहेबांचा दुसरा पेला भरला.

साहेब तृप्त होऊन म्हणाले, "अहो सेक्रेटरी, मला घरी आंघोळीला एक बादली मिळते. तुमच्याकडे पाय धुवायला घंगाळ!"

"साहेब, नळ तरी बघा! थेंब नाही हो!" मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. त्यांनी तोटी फिरवली. खरंच थेंब नव्हता. मला हायसं वाटलं.

"नसणारच," साहेब म्हणाले. "एवढं सांडल्यावर राहील कसं? जरा जपून वापरा."

मला अक्षरशः रडू फुटायचं बाकी होतं. काकूला बोललो, तर ती उलट माझ्यावरच उसळली. "पावण्याक पाणीच दिलंय मां? इख तर नाय दिलंय!"

साहेब पलीकडच्या चाळीत गेले. आमच्याकडचा गूळ खाऊन खाऊन त्यांच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी धोंडिरामच्या बायकोकडे, मालनकडे पाणी मागितलं. तिने सरळ माठ उपडा करून दाखवला आणि दुसऱ्या दाराकडे बोट केलं. दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्या दारातही तेच. सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवत साहेबांनी तिथल्या तिथे नळ मंजूर केला.

शिमगा झाला. आता मी रोज हंडा घेऊन बायकांच्या रांगेत उभा असतो. आमच्या नळावर भागत नाही, म्हणून धोंडिरामच्या चाळीतल्या नळावर जातो. सगळ्यांचं भरून झालं की उरलेलं पाणी आम्हाला देतात, लोक तसे भले आहेत.

काल सकाळपासूनच ऊन मी म्हणत होतं. घसा पार सुकला. माझा नंबर यायला अवकाश होता. मी मालनवहिनींना म्हटलं, "वहिनी, पेलाभर पाणी मिळेल का प्यायला?"

"नाही हो भावजी," त्या माठावर झाकण ठेवत म्हणाल्या. "आमच्या चाळीत आता पाहुण्यांना पाणी द्यायला बंदी आहे. अजून एक नळ मागायचाय!"