दहा नावं मागे

लांजेवार ऑफिसात हेल्मेट घालून बसतात. स्कूटर खाली उभी असते आणि लांजेवार दुसऱ्या मजल्यावर, आपल्या टेबलाशी, काच खाली ओढून.

नवा रायपुरातल्या आमच्या भूसंपादन शाखेत त्यांच्याकडे मिलानाचं काम आहे. ज्यांची जमीन गेली त्यांची नावं पटवारी हाताने लिहून पाठवतो. इथे ती टाइप होतात. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून लांजेवार ओळ न ओळ ताडून पाहतात. डाव्या हाताचं बोट हस्तलिखितावर, उजव्या हाताचं छापील कागदावर. यादीत नाव असेल त्याला घरासाठी प्लॉट मिळतो. नसेल त्याला मिळत नाही.

मध्येच कोणी बोललं की हेल्मेटातून आवाज येतो, "बोट हललं!" मग ते दहा नावं मागे जातात आणि तिथून पुन्हा सुरू करतात. नियम त्यांनीच केलेला. मी शेजारच्या टेबलाशी अकरा वर्षं बसतोय. तो मोडलेला पाहिला नाही.

कोणी मध्ये बोलू नये म्हणून घातलेल्या हेल्मेटचा उपयोग मात्र फारसा झाला नाही. स्टेपलर आहे का, तेलीबांध्याची बस गेली का, हे लोक काचेवर टकटक करून विचारत. समोरचे साहू एकदा म्हणाले, "लांजेवार जी, कुर्सी पे बैठे-बैठे कहाँ गिरोगे?"

"कुर्सी से गिरा आदमी उठ जाता है, भैया. लिस्ट से गिरा नहीं उठता."

नवे साहेब स्वतः येऊन उभे राहिले, तेव्हा लांजेवारांनी फक्त काच वर केली. "सर, सात नाम बाकी हैं. खड़े रहेंगे कि बैठेंगे?" साहेब बसले.

एकाच माणसासाठी ते हेल्मेट काढत. ब्राह्मणपाऱ्यातल्या घरून त्यांची आई फोन करायची, जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठ-नऊ वेळा. लांजेवारांनी लग्न केलं नाही; दिवसा आईजवळ शेजारची एक बाई बसायची. आईला काही आठवत नसे आणि ऐकूही कमी येई, त्यामुळे ती ओरडून बोले. सगळी शाखा ऐकत असे.

"पोट्ट्या, गॅस बंद केला का रे?"

"हव माय. मीच केला."

"कधी येतं?"

"पाचले निघतो."

"काहून इतका उशीर?"

"काम करून राहिलो न, माय."

वीस मिनिटांनी हेच पुन्हा. लांजेवारांचं उत्तर तेच, आवाजही तोच. फोन ठेवून ते हेल्मेट चढवत आणि दहा नावं मागे जात. आम्ही हसायचो.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. तेरवी करून ते कामावर आले, तेव्हा केस काढल्यामुळे हेल्मेट सैल होऊन डोक्यावर डुलत होतं. कोणी हसलं नाही. उलट सगळे सांभाळून वागू लागले. स्वतःचा फोन आला की साहू बाहेर जाऊन बोलत. चहावाला कप खिडकीत ठेवून निघून जाई. तीन आठवडे लांजेवारांशी कोणी बोललं नाही, आणि याला आम्ही माणुसकी समजत होतो.

पुढे एका गुरुवारी सुकवारो बाई आली. गावात लावलेल्या यादीत तिचं नाव नव्हतं आणि हरकतीचा तो शेवटचा दिवस होता. "मोर नाव छूट गे हे, बाबू," एवढंच ती म्हणाली.

लांजेवारांनी हस्तलिखित काढलं. लागोपाठच्या दोन ओळींत दोन सुकवारो होत्या, नवऱ्यांची नावं वेगळी. टाइप करताना एक गळली होती आणि लांजेवारांचं बोटही न थांबता पुढे सरकलं होतं. चूक आपली आहे असं त्यांनी लिहून दिलं, स्वतः जाऊन साहेबांची सही आणली आणि बाईला तिचं नाव वाचून दाखवलं. ती गेली तरी ते उभेच होते.

मग त्यांनी कपाटातून जुन्या याद्या काढून माझ्या टेबलावर पसरल्या. पानापानाच्या समासात पेन्सिलीचे ठिपके होते.

"हा मायचा फोन," ते म्हणाले. "हा मायचा. हापण मायचाच."

त्या तीन आठवड्यांत तपासलेल्या सुकवारोच्या पानाचा समास कोरा होता.

"तिच्या फोनापायी सगळी यादी दोनदा वाचून होये, भाऊ. अन् मले वाटे, मीच हुशार आहो."

त्यांनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या.

"दिवसातून चार-सहा वेळा मले डिस्टर्ब करत जा न."

"काय विचारू?"

"काहीपण विचारा," लांजेवार म्हणाले. "पण उत्तर भेटलं म्हणून लगेच जाऊ नका."