उन्हाच्या खोलीचा तुलनात्मक तक्ता

या देशात अर्ज न करता मिळणारी शेवटची गोष्ट म्हणजे ऊन, असं पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अहमदपूरचे आनंदराज ठामपणे सांगत. जानेवारीत त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाईंच्या रक्तात ड जीवनसत्त्व अकरा निघालं. हवं तीस. गुडघे त्यामुळेच धरलेत, असं म्हणून डॉक्टरांनी रोज अर्धा तास कोवळं ऊन लिहून दिलं.

बाई दुसऱ्या दिवशी ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. अर्ध्या तासात गल्लीतून पंधरा माणसं गेली. चौदा जणांनी विचारलं, "बाई, तब्येत बरी न्हाई का?" पंधराव्यानं विचारलं, "साहेबांसंगं काही बिनसलं का?"

आनंदराज आत पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली. गच्चीवर बसायचं तर जिना चढायला गुडघे हवेत. तेव्हा ओट्यावरच, चारी बाजूंनी खिडक्या असलेली उन्हाची खोली बांधायचं ठरलं.

खिडक्या घ्यायला ते मन्मथच्या ॲल्युमिनियमच्या दुकानात गेले.

"साधी काच घ्या साहेब. ऊन सरळ आत येतंय."

"सरळ म्हणजे किती?"

"आता ऊन कोण मोजून राहिलंय?"

"तेच चुकतं आपलं," आनंदराज म्हणाले. एकतीस वर्षं त्यांनी निविदा उघडल्या होत्या. तुलनात्मक तक्त्याशिवाय ते मेथीची जुडीही घेत नसत. त्यांनी रकाने आखले: आत येणारी उष्णता, धूळ, आवाज, रस्त्यावरून होणारं दर्शन. खात्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा आकडा सर्वांत कमी, तो पहिला.

मन्मथनं तक्ता पाहिला आणि आतून एक काळी, दुहेरी काच आणली. "मग ही घ्या. हिच्यातून काहीच येत न्हाई."

ती चारही रकान्यांत पहिली आली.

"अहो, उन्हाचा रकाना कुठंय?" बाईंनी घरी तक्ता वाचून विचारलं.

"उष्णतेत धरलाय."

मार्चमध्ये खिडक्या बसल्या. खोलीत अंधार झाला, म्हणून ट्यूबलाइट लागली. हवा कोंडली, म्हणून एसी आला. बाई स्वेटर घालून रोज अर्धा तास बसू लागल्या. आनंदराज रजिस्टरवर त्यांची सही घेत. पाहुणे म्हणत, "उन्हाची खोली लय भारी झाली, ऊन अजिबात लागत न्हाई." गल्लीतल्या चार घरांनी तक्त्याची झेरॉक्स नेली.

मे महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. नऊ.

"बाई उन्हात बसत नाहीत वाटतं," डॉक्टर म्हणाले.

"रोज बसतात," आनंदराजांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. "एकही खाडा नाही."

डॉक्टरांनी रजिस्टर चाळलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाईंनी खुर्ची उचलली आणि खोलीबाहेर, रस्त्याकडच्या पायरीपाशी टाकली. समोरचे शेषेराव दुधाची पिशवी घेऊन चालले होते. ते थांबले.

"बाई, एवढी उन्हाची खोली बांधली, अन् भायेर का?"

"आत थंडी वाजते."

शेषेरावांनी खिडकीकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तब्येत बरी न्हाई का?"

आनंदराज बाहेर आले. त्यांनी बाईंना हात देऊन उठवलं, खुर्ची आत नेली आणि रजिस्टरवर सही घेतली.

त्या दिवशी अहमदपुरात त्रेचाळीस अंश तापमान होतं.