नऊ कार्डांचे नऊ कोपरे

सहदेवच्या डोक्यात एखादी कल्पना शिरली की ती पाहुणी म्हणून राहत नसे, घरच बांधून बसे! त्या वर्षी वैशाखात अशीच एक शिरली आणि पोलादपूरच्या बाजारात चिंचेखाली एक पाटी उभी राहिली : ‘कोणतेही बारीक काम एका आण्यात.’

येणाऱ्या-जाणाऱ्याला सहदेव ती मोठ्याने वाचून दाखवायचा.

“कोनतंय पन?” सहदेवच्याच डोंगरावरच्या वाडीतल्या सगळ्यात तिखट म्हाताऱ्याने, मालोजीने, विचारलं.

“कोनतंय पन! पत्र लिवणं, आलेलं वाचणं, सुईत दोरा ओवणं, छत्रीची काडी बशिवणं. सांगशील ते!”

“मंग माज्या सुनंला गप बशीव.”

“तात्या, बारीक काम म्हनलंय!”

ही हौस नव्हती बरं का. त्यामागे मुंबई होती. आदल्या वर्षी बापाने, भागोजीने, त्याला गिरणीत धाडलं होतं. वाडीच्या सोळा गड्यांची तिथे मिळून एक खोली. पाळीपाळीने झोपायचं, आणि सहदेवची पाळी आली की नेमका कोणीतरी ट्रंक उघडून बसायचा. अकराव्या दिवशी स्वारी परत! भागोजीने तेव्हाच बजावलं होतं, “फुडच्या सालची लावणी हुईस्तवर बघतो. तवर पोटापुरतं मिळवलंस तर ऱ्हा हितं. नायतर पयल्या गाडीनं मुंबय!” तेव्हापासून नुसता गाडीचा भोंगा वाजला तरी सहदेव कानांत बोटं घालायचा.

पण धंदा चालला! सहदेव चौथी पास होता आणि त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. आषाढ लागला, रोपं वीतभर झाली, आणि एकाच दिवशी वाडीची नऊ पत्रं लिहायला आली. नऊही त्याच मुंबईच्या खोलीवर जायची होती. नऊही जणांचं म्हणणं एकच, लावणीला माणूस नाही, चार दिवस या.

“कार्ड धरून एक आना ना?” त्यातल्या बनुबाईने विचारलं.

“कार्ड तुजं, काकी.”

“आनि शाई?”

“शाई माजी.”

“मंग जरा दाट लिव. तीन वर्सं झाली जनीच्या बाला घरी येऊन. आजवर समद्यांनी फिक्कं लिवलं म्हनून येत नसंल.”

जनीचा बा म्हणजे बनुबाईचा नवरा नाथू. दर दोन महिन्यांनी बनुबाई त्याला पत्र धाडायची, दर वेळी तो ‘पुढच्या महिन्यात बघतो’ म्हणून कळवायचा. सहदेवने यावेळी इतकं दाट लिहिलं की कार्डाच्या पाठीमागूनही वाचता यावं!

आता आली पंचाईत. आषाढात पोलादपुरात माणूस वाळत नाही, तिथे शाई काय वाळणार! सहदेवच्या बायकोने, राहीबाईने, उपाय सांगितला. “चुलीवर टांगा की.” सहदेवने बांबूची एक ओली काठी मधोमध चिरली, नऊ कार्डं कोपऱ्याला धरून चिरेत अडकवली आणि काठी चुलीवर लटकवली. स्वतःच्या अकलेवर तो इतका खूश झाला की भाकरी एक जास्त खाल्ली.

सकाळी टपाल नेणाऱ्या मोटारीचा भोंगा खालच्या वळणावर वाजला तेव्हा हा अंथरुणात! धडपडत उठला, काठीतली कार्डं ओढली. येईनात. धुराने सुकून बांबूने जबडा आवळला होता. सहदेवने दात-ओठ खाऊन एक हिसका दिला, कार्डं हातात आली, तो तसाच अंधुक उजेडात पळत सुटला आणि पेटीतून पिशवीत निघालेल्या टपालात गठ्ठा कोंबून मोकळा झाला.

दुपारी तो जेवायला बसला होता. राहीबाई चुलीपाशी काठी हातात घेऊन उभी राहिली.

“अवो, ही काठी जाळू का? यात कायतरी बारीक बारीक अडाकलंय.”

तिने चीर फाकवली. टप्, टप्, टप्. कार्डाचे तिकोनी तुकडे ताटाशेजारी पडले. नऊ!

सहदेवचा घास हातातच राहिला. राहीबाईने तोंडावर पदर घेतला. कारण कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे काय, हे त्या काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घरातलं कोणी गेलं की कार्डाचा कोपरा फाडून धाडायचा. घेणाऱ्याने तो कोपरा पाहायचा आणि हंबरडा फोडायचा. मजकूर वाचायला थांबतो कोण!

“नऊ घरांत नऊ मढी घातलीत तुमी!” राहीबाई म्हणाली.

सहदेव न जेवताच उठला. कशेडीकडून आलेल्या लाकडाच्या ट्रकवर, ओंडक्यांवर उपडा पडून, भिजत त्याने महाड गाठलं. टपालाची बॅग केव्हाच पुढे गेली होती. पोस्टमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आता एकच मार्ग. तार करा.”

वा! तारेचं त्याला कसं सुचलं नाही? कार्डं पोचायच्या आधी तार पोचेल! सहदेवने महिनाभराची कमाई काउंटरवर ओतली आणि मजकूर सांगितला : ‘सगळे जिवंत.’

“एवढंच?” पोस्टमास्तरांनी चष्मा वर केला. “ही काय बातमी झाली?”

“सायेब, सध्या हीच मोठी बातमी हाय!”

पोस्टमास्तरांनी इंग्रजीत दोन शब्द लिहिले आणि तार गेली. सहदेव इतक्या हलक्या अंगाने घरी आला की राहीबाईला वाटलं कार्डंच सापडली.

पुढे खोलीवर काय झालं ते नंतर कळलं. संध्याकाळी तारवाला दारात उभा राहिला आणि ‘तार’ हा शब्द ऐकताच सोळाच्या सोळा गड्यांनी गळा काढला. तार उघडायची कशाला? ती काय बारशाची येते? पण नेमकं गेलं कोण, हे कोणालाच समजेना. दुसऱ्या दिवशी नऊ कार्डं आली. नऊही कोपरे फाटलेले! खोलीत वाचता येणारा एकटा कुशाबा, मालोजीचा मुलगा. पहिलं कार्ड त्याच्या हाती आलं ते त्याच्याच घरचं. “तात्या!” असं ओरडून तो जो आडवा झाला, तो वाचणार काय! मग एकाने छाती पिटत उलगडा केला. “दरड आली रे! आक्की वाडी डोंगराखाली गेली!”

तिसऱ्या दिवशी सकाळी बायका चिखलात रोपं लावत होत्या. खालच्या पायवाटेवरून रडण्याचा आवाज आला. रडत रडत माणसं डोंगर चढत होती, आणि ती आपलीच माणसं होती!

“आगो बाय! मुंबयला कायतरी झालं गो!” एक बाई ओरडली, आणि इकडून उत्तर म्हणून साऱ्या बायकांनी सूर लावला. दोन्हीकडचं रडं एकमेकांना भिडायला धावलं आणि बांधावर समोरासमोर उभं राहिलं.

“कोन गेलं?” बायकांनी विचारलं.

“तुमी सांगा कोन गेलं!” गडी म्हणाले.

सगळे एकमेकांना मोजू लागले. कोणीच कमी भरेना! इतक्यात मालोजी काठी टेकत आला. समोर कुशाबा, डोकं गुळगुळीत, मिशी साफ.

“मिशी कुटं रे तुजी?”

“तुमच्यासाठी काढली, तात्या!” कुशाबाने बापाचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडला.

“जित्त्या बापाची मिशी काढतोस?” मालोजीने काठी उगारली खरी, पण ती खाली आली ती हळूच, आणि मुलाच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवता यावा म्हणून बाजूला पडली.

नाथू बनुबाईपुढे बांधावरच बसला होता.

“रडताय कुनासाठी?” तिने विचारलं.

“तुज्यासाठी गो!”

बनुबाईने चिखलाच्या हाताने डोळे पुसले. “मंग तीन वर्सं कुटं व्हतात?” एवढंच म्हणाली आणि रोपांची जुडी त्याच्या हातात दिली.

आणि हो, सहदेव! तो घराच्या माळ्यावर गवताच्या भाऱ्याखाली होता. कोपऱ्यांची भानगड कळताच चार गड्यांनी त्याला तंगडीला धरून खाली ओढला. कुशाबाने बाह्या सारल्या. भागोजी तर म्हणाला, “मारू नका. मुंबयलाच न्या, त्येच पुरं!” सहदेवला वाटलं, त्यापेक्षा मारलेलं बरं.

“कुनी हात लावायचा नाय त्येला!” बनुबाई दारात उभी होती, गुडघाभर चिखलात माखलेली. “आनि न्यायचा बी नाय. गोड लिवून तीन वर्सांत एक गडी आला नाय. ह्यानं एका आन्यात सोळा आनले!”

मागे आठ जणी माना डोलवत होत्या. भागोजीने बायकांकडे पाहिलं, दूर शेतात लावणीला वाकलेल्या बाकीच्या गड्यांकडे पाहिलं आणि पागोटं सारखं केलं. “ऱ्हाऊ दे मंग हितंच,” तो म्हणाला.  सहदेव चुलीपाशी जाऊन बसला आणि राहीबाई पाठीवरून हात फिरवीत असताना मनसोक्त रडला.

चार दिवसांत वाडीची लावणी उरकली. अशी झटपट ती आजवर झाली नव्हती.

पुढच्या बाजारी सहदेव पुन्हा चिंचेखाली बसला. बनुबाईने कार्ड पुढे सरकवलं आणि हळूच म्हणाली, “गनपतीला बोलवायचं हाय. मजकूर काय बी लिव. कोपरा तेवढा...”

“काकी! परत हे नाव काढायचं नाय!”

“दोन आने घे.”

तिच्यामागे आठ जणी कार्डं घेऊन उभ्या होत्या! सहदेव हादरला. घरी जाऊन त्याने रंगाची डबी काढली आणि नवी पाटी रंगवली. मोठ्या, ठसठशीत, मोत्यासारख्या अक्षरात : ‘कोपरा फाडून मिळणार नाही.’ पाटी चिंचेला ठोकली आणि निर्धास्त मनाने खाली बसला.

संध्याकाळपर्यंत तेरा जणी कोपरा फाडून मागायला आल्या. पाटी कोणीच वाचली नव्हती. ज्यांना वाचता येत होतं, त्या सहदेवकडे कशाला येतील?